१:१००, पण कुठल्या कागदावर?

प्लॉटरच्या, म्हणजे मोठी ड्रॉइंग छापणाऱ्या प्रिंटरच्या, दुकानात पेनड्राइव्ह पुढे केला की काउंटरवरचा मुलगा विचारतो, "फिट टू पेज मारू का?" बहुतेक जण मान डोलावतात. ड्रॉइंग कागदभर पसरतं, कडेला पांढरी जागा फुकट जात नाही, दिसायलाही झकास. फक्त कोपऱ्यात छापलेलं 'स्केल १:१००' त्या क्षणापासून खोटं झालेलं असतं. साईटवर मिस्त्री त्या प्रिंटवर पट्टी टेकवतो आणि तीन मीटरची खोली त्याला दोन मीटर एक्क्याण्णवची मिळते. मग तो इंजिनिअरला फोन लावतो. किंवा लावत नाही, आणि ते जास्त महागात पडतं.

त्या मुलाला "नको, हंड्रेड परसेंटच काढ" असं बिनधास्त सांगता यावं, यासाठी फाइलमध्ये आधी काय तयारी लागते ते इथे पाहू. उदाहरणं मुख्यतः ऑटोकॅड या कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या) सॉफ्टवेअरची घेतो, कारण आपल्याकडे आयटीआयपासून आर्किटेक्टच्या ऑफिसपर्यंत तेच जास्त चालतं. त्याच्यासारखी इतर कॅड सॉफ्टवेअर्स वापरणाऱ्यांना नावं थोडी वेगळी दिसतील, हिशोब तोच.

सुरुवात एका उलटापालटीपासून. ड्रॉइंग बोर्डाच्या काळात पहिली रेघ मारण्याआधी स्केल ठरवावंच लागायचं. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि हातात तिकोनी स्केलपट्टी. तिच्या प्रत्येक कडेवर वेगळं प्रमाण: १:१००, १:२००, १:५०० वगैरे. कागद केवढा, त्यावर इमारत मावेल का, हा विचार झाल्याशिवाय पेन्सिल टेकतच नसे. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि पुढे हा क्रमच फिरला. आता इमारत खऱ्या मापात काढायची. २३० मिलिमीटरची भिंत २३० युनिटचीच काढायची, ती १०० ने भागून २.३ करत बसायचं नाही. स्क्रीनला कडाच नाही, त्यामुळे मावण्याचा प्रश्नही नाही. सोय मोठी, पण स्केल ठरवण्याचं काम अगदी शेवटावर गेलं, आणि शेवटी सबमिशनची घाई असते. बहुतेक घोळ तिथले.

१:१०० म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर आणि जागेवरचे १०० मिलिमीटर. दुसऱ्या शब्दांत, कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे जागेवर १ मीटर. दोन्ही बाजूंना एकक एकच, म्हणून गुणोत्तराला एकक लागत नाही. यातून एक गोष्ट सरळ निघते: कागद आल्याशिवाय स्केलला अर्थच नाही. मॉनिटरवर दिसणाऱ्या ड्रॉइंगचं स्केल किती, या प्रश्नाला उत्तर नाही. माऊसचं चाक फिरवलं की ते बदलतं.

आता खरा हिशोब करू. समजा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे. मिलिमीटरमध्ये ९१४४ बाय १५२४०. ग्राउंड फ्लोअरचा वर्किंग प्लॅन ए३ कागदावर १:५० ने काढायचा आहे. ए३ म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटर. डावीकडे फाइलिंगसाठी २० आणि बाकी तीन बाजूंना १० मिलिमीटर समास सोडला तर उरले ३९० बाय २७७. १:५० ने प्लॉटची लांबी १५२४० ÷ ५० म्हणजे साधारण ३०५, रुंदी १८३. वरवर पाहता आरामात बसतं.

पण शीटवर टायटल ब्लॉकही असतो, म्हणजे कामाचं नाव, स्केल वगैरे लिहिलेली चौकट. तो बऱ्याच ऑफिसांत उजवीकडे उभ्या पट्टीत ठेवतात, धरा ७० मिलिमीटर. मग आडवे उरले ३२०, आणि त्यात ३०५ चा प्लॅन. दोन्ही बाजूंना जेमतेम साडेसात-साडेसात मिलिमीटर. त्यात मापांच्या रेघा, ग्रिडचे (खांबांच्या ओळींचे) गोल, 'रस्ता ९ मीटर रुंद' हे सगळं कुठे घालणार? इथे नवखा माणूस १:५० चं १:५५ करतो आणि प्लॅन कसाबसा बसवतो. जुना ड्राफ्ट्समन टायटल ब्लॉक उचलून खाली आडवा टाकतो, ५० मिलिमीटर उंचीचा. मग जागा उरते ३९० बाय २२७. प्लॅनच्या डाव्या-उजव्या बाजूंना ४० हून जास्त, वरखाली २२-२२ मिलिमीटर. माप लिहायला ऐसपैस. स्केलला हात न लावता काम झालं.

१:५५ का नको? कारण १:५५ ची पट्टी कुणाच्या खिशात नसते. १:५, १:१०, १:२०, १:५०, १:१००, १:२००, १:५०० ही ठरलेली प्रमाणं लोक पट्टीने आणि नजरेने वाचू शकतात. ड्रॉइंग बसत नसेल तर कागद बदला, मांडणी बदला, दोन शीट करा, नाहीतर सरळ पुढच्या प्रमाणावर जा. मधलं काहीतरी शोधू नका. बांधकाम परवानगीच्या नकाशात तर हा पर्यायही नसतो: इमारतीचे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन सहसा १:१०० आणि साईट प्लॅन १:५०० लागतो, त्यामुळे तिथे कागदानेच मोठं व्हायचं.

कागदांच्या मापांत एक सुंदर युक्ती दडली आहे आणि ती ठाऊक असली की निम्मा गोंधळ जातो. ए मालिकेतल्या प्रत्येक कागदाच्या दोन बाजूंचं गुणोत्तर १ : √२ आहे. त्यामुळे कागद मधोमध दुमडला तर अर्धा भागही त्याच आकाराचा राहतो. जर्मनीत १९२२ मध्ये हे प्रमाण ठरलं, पुढे आंतरराष्ट्रीय झालं. ए० चं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, तो दुमडला की ए१, पुन्हा दुमडला की ए२, असं करत ए४. एक पायरी खाली आलं की लांबी ७१ टक्क्यांवर येते, आणि दोन पायऱ्या खाली आलं की बरोबर निम्मी. म्हणून ए१ वरचं १:१०० चं ड्रॉइंग ए३ वर छोटं करून काढलं तर ते चक्क १:२०० होतं. पट्टीची दुसरी कड लावा आणि वाचा. ए१ चं ए२ केलं तर मात्र १:१४१ असं काहीतरी विचित्र हाती येतं. म्हणून साईटवर नेण्यासाठी छोटा सेट काढायचा तर एक पायरी सोडून काढतात. टायटल ब्लॉकमध्ये नुसतं '१:१००' न लिहिता '१:१०० @ ए१' असं लिहिण्याची पद्धत आहे ती याचसाठी. स्केल लिहा तेव्हा कागदही लिहा. एवढं एक केलं तरी पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो.

हीच √२ ची पट्टी अक्षरांना आणि पेनांनाही लावलेली आहे. ड्रॉइंगमधल्या अक्षरांची ठरलेली उंची २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर. शाईच्या पेनांची जाडी ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. ज्यांनी रॉट्रिंगचा सेट वापरला आहे त्यांना हे आकडे पाठ असतील, पण ते तसेच का, हे क्वचित कुणी सांगायचं. ए१ चं ए२ केलं की ३.५ चं अक्षर २.५ चं होतं, ०.५ ची रेघ ०.३५ ची. छोट्या झालेल्या शीटवर दुरुस्ती करायची तर सेटमधला पुढचाच पेन उचलायचा, जुनी आणि नवी रेघ वेगळी ओळखू येत नाही. आजही कॅडमधल्या लाइनवेटच्या (रेघेच्या जाडीच्या) यादीत हेच आकडे दिसतात.

आता ऑटोकॅडकडे. खाली दोन प्रकारचे टॅब दिसतात: मॉडेल आणि लेआउट. मॉडेलमध्ये इमारत, खऱ्या मापात. लेआउट म्हणजे कागद, तोही खऱ्या मापात: ४२० बाय २९७. त्या कागदाला पाडलेली खिडकी म्हणजे व्ह्यूपोर्ट. तिच्यातून मॉडेलमधली इमारत दिसते, आणि ती किती लांबून दिसावी तेच तुमचं स्केल.

क्रम असा ठेवा. लेआउट टॅबवर राइट क्लिक करून पेज सेटअप मॅनेजर उघडा. प्रिंटर म्हणून डीडब्ल्यूजी टू पीडीएफ निवडा, कागद ए३, 'व्हॉट टू प्लॉट'मध्ये लेआउट, आणि प्लॉट स्केल १:१. हे शेवटचं नीट वाचा: इथे १:१०० टाकायचं नसतं. कागद कागदाच्याच मापात छापायचा आहे, म्हणून १:१. प्रमाण फक्त व्ह्यूपोर्टमध्ये जातं. दोन्हीकडे १:१०० टाकलं तर ड्रॉइंग १:१०,००० होतं आणि कागदाच्या कोपऱ्यात माशी बसल्यासारखं दिसतं.

टायटल ब्लॉक लेआउटमध्ये आणा, मिलिमीटरमध्ये, जसा छापायचा तसा. मग एमव्ह्यू कमांडने व्ह्यूपोर्ट काढा. त्याची चौकट निवडली की प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये 'स्टँडर्ड स्केल' दिसतं, तिथे १:१०० निवडा. पूर्वीची पद्धत म्हणजे व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करून झूम कमांडला '१/१००एक्सपी' असं उत्तर देणं (एक्सपी म्हणजे कागदाच्या तुलनेत). अजूनही चालते आणि खरं तर जास्त समजूतदार आहे, कारण काय होतंय ते दिसतं. शेवटी 'डिस्प्ले लॉक्ड'ला येस करा. हे विसरलात तर आत जाऊन जरा चाक फिरवलं की १:१०० चं १:९३.४ झालं, आणि ते लक्षातही येत नाही. एका शीटवर दहा व्ह्यूपोर्ट असतील आणि एकच बिनकुलपाचा असेल, तर हात नेमका त्याच्यावर जातो.

मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्यांचं एवढ्यावर भागतं. आपल्याकडे खरी पंचाईत फूट-इंचवाल्यांची. ऑटोकॅडला एकक कळत नाही, त्याच्या लेखी १ म्हणजे १. आर्किटेक्चरल युनिट लावून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये एक युनिट म्हणजे एक इंच. कागद मात्र मिलिमीटरमध्ये. अशा वेळी यादीतून १:१०० निवडलं की त्याचा अर्थ होतो कागदावर १ मिलिमीटर म्हणजे जागेवर १०० इंच. प्रमाण प्रत्यक्षात १:२५४० झालं, बंगला टिचभरही दिसत नाही. मग लोक वैतागून 'फिट' मारतात, तिथून पुढचं सगळं आलंच.

यावर दोन उपाय आहेत. एक, पेज सेटअपमध्येच मिलिमीटरऐवजी इंच निवडणे. मग लेआउटमधला ए३ कागद १६.५४ बाय ११.६९ असा दिसेल आणि यादीतली प्रमाणं जशीच्या तशी लागू पडतील. दोन, कागद मिलिमीटरमध्येच ठेवून गुणकाराने जाणे: इंचात काढलेल्या ड्रॉइंगला १:१०० हवं तर कस्टम स्केल ०.२५४ टाका, म्हणजे २५.४ भागिले १००. मीटरमध्ये काढलेला सर्व्हे असेल तर १:१०० साठी कस्टम स्केल १०, आणि १:५०० साठी २. एकदा लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवावं असं हे गणित आहे.

फूट-इंचाच्या जगात आणखी एक सापळा आहे. जुनी माणसं '१ इंचाला ८ फूट' म्हणतात. ८ फूट म्हणजे ९६ इंच, म्हणजे १:९६. हे १:१०० च्या इतकं जवळ आहे की प्रिंट हातात घेऊन फरक कळत नाही. १:९६ च्या प्रिंटवर १:१०० ची पट्टी लावली तर ३ मीटरची भिंत ३.१२५ मीटर वाचली जाते. चार टक्के. ठळक चूक कुणीतरी पकडतंच. अशी चार टक्क्यांची चूक स्लॅब पडेपर्यंत सोबत येते.

अक्षरांचा हिशोब स्केलच्या उलट दिशेने चालतो. छापल्यावर अक्षर २.५ मिलिमीटर हवं आणि प्रमाण १:१००, तर मॉडेलमध्ये त्याची उंची २५० हवी. १:५० असेल तर १२५. एकच प्लॅन दोन प्रमाणांत दाखवायचा झाला की अडचण होते, कारण एकाच अक्षराची उंची दोन्हीकडे बरोबर असू शकत नाही. यासाठी ऑटोकॅडमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून ॲनोटेटिव्ह टेक्स्ट आलं: तुम्ही कागदावरची उंची सांगायची, व्ह्यूपोर्टच्या प्रमाणानुसार ते स्वतः मोठं-छोटं होतं. ते नीट समजून वापरलं तर उत्तम. अर्धवट वापरलं तर एका शीटवर अक्षरं गायब आणि दुसरीवर दुहेरी. लहान ऑफिसात मी म्हणेन, टिपा आणि नावं सरळ लेआउटमध्ये लिहा, २.५ च्या उंचीने, आणि मोकळे व्हा. तुटक रेघा सलग दिसत असतील तर पीएसएलटीस्केल (लेआउटमध्ये तुटक रेघांचं प्रमाण ठरवणारं सेटिंग) १ आहे का पाहा आणि रीजनऑल ही ड्रॉइंग ताजं करणारी कमांड द्या. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

इतकं करून पीडीएफ तयार झाली. ती आता बरोबर आहे, आणि बिघडायची शेवटची जागा प्रिंटचा डायलॉग. पीडीएफ उघडणारी बरीच सॉफ्टवेअर्स 'फिट' हा पर्याय आपणहून निवडून ठेवतात. ए३ ची पीडीएफ ए३ वरच काढताना प्रिंटर आपला न छापता येणारा काठ सोडतो आणि पान ९६-९७ टक्क्यांवर आणतो. कागद तोच, चौकट पूर्ण, सगळं जागच्या जागी. सुरुवातीला जी २.९१ मीटरची खोली म्हटली ती इथली. 'ॲक्च्युअल साइझ' किंवा १०० टक्के निवडायचं, एवढंच. कागदाचं नावही तपासा: अमेरिकेत बनलेली सॉफ्टवेअर्स कधीकधी ए४ ऐवजी लेटर धरतात, तो २१६ बाय २७९ मिलिमीटरचा असतो आणि पुन्हा दाबादाबी होते. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटला कागदाचं मापच नसतं, त्यावर १:१०० लिहिलेलं असलं तरी त्याचा उपयोग शोभेपुरता.

तपासणी सोपी आहे. शीटच्या कोपऱ्यात लेआउटमध्येच बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि दुकानातच शाळेच्या फूटपट्टीने मोजा. ९७ भरली तर पैसे देण्याआधी परत काढायला सांगा. शिवाय प्रत्येक ड्रॉइंगखाली शाळेच्या भूगोलातलं रेषाप्रमाण टाका: ०, १, २, ५ मीटर अशा खुणांची आडवी पट्टी. आकड्यातलं प्रमाण झेरॉक्समध्ये मरतं, पण ही पट्टी ड्रॉइंगबरोबर आकसते आणि फुगते, म्हणून ७१ टक्क्यांच्या झेरॉक्सवरही खरं बोलते. आणि तरीही 'लिहिलेलं माप ग्राह्य धरावं, ड्रॉइंगवर मोजू नये' ही टीप टायटल ब्लॉकमध्ये हवीच. कागद पावसाळ्यात दमटपणाने फुगतो, साईटवर चुरगळतो; लिहिलेला आकडा फुगत नाही.

बाकी सॉफ्टवेअर्सबद्दल थोडक्यात. इमारतीचं मॉडेल बनवणाऱ्या रेव्हिटमध्ये प्रत्येक व्ह्यूला स्वतःचं प्रमाण असतं आणि अक्षरं आपोआप जुळतात, त्यामुळे वरची निम्मी डोकेदुखी तिथे नाही. जाहिराती मांडायच्या कोरलड्रॉमध्ये रुलरच्या सेटिंगमध्ये ड्रॉइंग स्केल मिळतं. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स १:१० ने मांडणाऱ्यांनी फोटोचं रिझोल्यूशन मात्र पूर्ण मापाच्या हिशोबाने पाहावं, कारण १:१० वरचं ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) छापताना ३० उरतं. नकाशांच्या क्यूजीआयएसमध्ये प्रिंट लेआउटमधल्या नकाशाला थेट ५००० असा आकडा देता येतो, पण प्रोजेक्ट अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका; आधी यूटीएमवर या, म्हणजे पृथ्वीचे उभे झोन पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीवर. पुणे, नाशिक, संभाजीनगर झोन ४३ मध्ये, तर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचं नागपूर, वर्धा, चंद्रपूर झोन ४४ मध्ये येतं.

स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणबद्ध प्रिंट हवी तर कॅमेरा मेनूतून पॅरलल प्रोजेक्शन निवडावं लागतं आणि टॉप किंवा फ्रंट असा सरळ व्ह्यू लावावा लागतो. पर्स्पेक्टिव्हमध्ये जवळची खिडकी मोठी आणि लांबची छोटी दिसणारच, त्यामुळे सगळ्या चित्राला एक प्रमाण असूच शकत नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात अशा चित्राखाली १:१०० छापलेलं दिसलं, तर ते मजकूर जुळवणाऱ्याने टेम्प्लेटमधून पुसायचं राहिलेलं आहे असं समजावं.